जुन्या गाडीच्या मूळ स्टीरिओला सबवूफर जोडला, पण बास नीट येत नाही: कुठून तपासायचं

कंपनीनं बसवलेला स्टीरिओ तसाच ठेवून डिकीत अ‍ॅम्प (सिग्नलला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर, पुढे नुसता ‘सब’) वाढवायचा, हे काम मी बऱ्याच गाड्यांत केलंय. दुसऱ्यांनी केलेलं दुरुस्त करायची वेळ त्याहून जास्त वेळा आली. तक्रारी फिरून फिरून त्याच असतात:

- अ‍ॅम्पचा दिवा लागतो, पण सब मुका.
- रेडिओवर सब वाजतो, सीडी लावली की बंद.
- हळू आवाजात बास छान, आवाज वाढवला की बास पातळ होत जातो.
- रेस दिली की ‘किंईई’ असा सूर चढतो, रेस सोडली की उतरतो.
- प्रत्येक ठेक्याला हेडलाइट मंदावतात, किंवा अ‍ॅम्प क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो.
- स्टीरिओ चालू-बंद करताना डिकीतून ‘धप्प’.
- अ‍ॅम्पवर प्रोटेक्टचा, म्हणजे बिघाड जाणवून स्वतःला बंद केल्याचा, लाल दिवा.
- गाडी दोन दिवस उभी राहिली की स्टार्टर फिरत नाही.

यातलं काहीही झालं की पहिला संशय अ‍ॅम्पवर जातो, आणि माणूस नवा अ‍ॅम्प आणतो. कृपा करून घाई करू नका. मी उघडलेल्या गाड्यांत अ‍ॅम्प किंवा सब खरोखर खराब निघाल्याची उदाहरणं थोडी आहेत. दोष बहुतेक वेळा तीनच ठिकाणी असतो: अर्थच्या (मायनस गाडीच्या पत्र्याला बांधतात त्या) जोडात, सिग्नल कुठून घेतला त्यात, किंवा अ‍ॅम्पला जागं करणाऱ्या बारीक रिमोट वायरीत. गाडी जुनी असेल तर या तिन्ही जागा आणखी नाजूक होतात, कारण तिथे गंज, वाळलेलं इन्सुलेशन आणि आधीच्या मालकाचे प्रयोग यांची भर पडलेली असते.

तपासायला एक साधा डिजिटल मल्टीमीटर, दीड व्होल्टचा एक सेल, आणि ५० व २०० हर्ट्झचे सलग सूर लागतील. ते सूर सीडीवर, ऑक्सवर किंवा कॅसेट अडॅप्टरमधून, जे गाडीत असेल त्यातून वाजवा.

आधी बटणं बघा, पाना नंतर

याला काहीच खर्च नाही, म्हणून हे पहिलं. स्टीरिओचा फेडर (पुढच्या आणि मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारं बटण) बघा. सिग्नल मागच्या स्पीकरच्या वायरींवरून घेतला असेल आणि फेडर पुढे सरकलेला असेल, तर अ‍ॅम्पपर्यंत काही पोचतच नाही. ‘काल वाजत होता, आज अचानक बंद’ ही तक्रार मी नुसता फेडर मधोमध आणून मिटवलेली आहे. डाव्या-उजव्या बॅलन्सचंही तेच.

मग अ‍ॅम्पवर या. क्रॉसओव्हरचा (कुठले सूर जाऊ द्यायचे ते ठरवणारा) स्विच लो-पासवर, म्हणजे फक्त खालचे सूर जाऊ देण्यावर, आणि त्याचा नॉब ८० हर्ट्झच्या आसपास असावा. तो ‘फुल’वर राहिला तर सबमधून गाण्याचे शब्द आणि इंजिनाचा सूर दोन्ही ऐकू येतात. स्पीकरच्या वायरी थेट अ‍ॅम्पमध्ये घेतल्या असतील, तर इनपुटचा स्विच हाय-लेव्हलवर आहे ना, तेही बघा. डॅशबोर्डखाली बासचा वेगळा नॉब बसवला असेल तर त्याची वायर अ‍ॅम्पमधून निसटलेली नाही याची खात्री करा.

फेज स्विच ० वरून १८० वर करून बघायला पाच सेकंद लागतात. ड्रायव्हरच्या सीटवर बसून दोन्ही ऐका आणि ज्यात बास भरीव लागतो ते ठेवा. दारातले स्पीकर आणि सब एकमेकांच्या उलट हलत असतील, तर ८० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ते एकमेकांचा खातात. सब जोरात हलताना दिसतो, पुढच्या सीटवर मात्र काहीच पोचत नाही.

बॅटरीची टोकं आणि फ्यूज

बोनेट उघडा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर तिथेच थांबा आणि ते आधी साफ करा. बॅटरी काढताना मायनस आधी आणि लावताना मायनस शेवटी. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर सरळ शॉर्ट होतो. बऱ्याच जुन्या स्टीरिओंना बॅटरी काढल्यावर कोड द्यावा लागतो. तो हाताशी आहे का, हे बॅटरी काढायच्या आधी बघा.

अ‍ॅम्पच्या मुख्य वायरीचा फ्यूज बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर हवा. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. बॅटरी ते डिकी या लांब वाटेत वायर कुठेही सोलपटून पत्र्याला लागली, तर वितळायला फ्यूज पाहिजे, नाहीतर वायर पेटते. फ्यूजच नसेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी तो बसवा.

काचेच्या नळीचा मोठा फ्यूज डोळ्यांना चांगला दिसतो, पण होल्डरमध्ये तो सैल बसतो आणि तिथे व्होल्टेज गळतं. गाणं जोरात लावून होल्डरच्या दोन टोकांमधला डीसी व्होल्ट मोजा. तो जवळजवळ शून्य यायला हवा. होल्डर हाताला गरम लागत असेल तर तो बदलाच.

रिमोट वायर: अ‍ॅम्प जागा कशानं होतो?

नंतर बाजारातून घेतलेल्या स्टीरिओला अ‍ॅम्प चालू करणारी वेगळी वायर असते. जुन्या कंपनीफिटेड स्टीरिओला बहुतेकदा ती नसते, म्हणून लोक मिळेल तिथून प्लस उचलतात आणि मग विचित्र लक्षणं सुरू होतात.

इलेक्ट्रिक एरियलच्या वायरीवर जोडलं असेल, तर काही गाड्यांत ती वायर फक्त रेडिओ लावल्यावरच जिवंत होते. रेडिओवर सब वाजतो आणि सीडी लावली की बंद, याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. कायम चालू असलेल्या प्लसवर जोडलं असेल तर अ‍ॅम्प कधी झोपतच नाही. काहीही न वाजवता जागा राहिलेला अ‍ॅम्प साधारण एक अँपिअर खातो असं धरा, म्हणजे दिवसाला २४ अँपिअर-तास. छोट्या गाडीची ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत का बसते, ते यात आलं.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब अ‍ॅम्पच्या अर्थला आणि लाल प्रोब रिमोटच्या स्क्रूला लावा. स्टीरिओ चालू असताना १२ व्होल्टच्या आसपास आणि किल्ली काढल्यावर शून्य दिसलं पाहिजे. सगळ्यात सोपी सुधारणा म्हणजे फ्यूजबॉक्समधल्या अशा सर्किटवरून, जे किल्ली फिरवल्यावरच चालू होतं, छोटा फ्यूज घालून वायर घेणं. यात एक उणीव राहते. स्टीरिओ बंद केला तरी किल्ली आहे तोवर अ‍ॅम्प जागाच असतो, आणि स्टीरिओ चालू-बंद होतानाचा झटका ‘धप्प’ करून ऐकवतो. तो खुपत असेल तर स्पीकरच्या वायरीवरचं व्होल्टेज ओळखून स्वतः चालू होणारा अ‍ॅम्प किंवा हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरच्या वायरीवरचा मोठा सिग्नल अ‍ॅम्पच्या इनपुटला चालेल इतका उतरवणारी डबी) वापरा.

अर्थ: इथे वेळ घाला

निम्म्याहून जास्त गाड्यांत दोष मला इथे सापडलाय, म्हणून हे नीट वाचा.

अ‍ॅम्पला प्लसमधून जेवढा करंट मिळतो, तेवढाच अर्थमधून परत जातो. तरी लोक प्लसला जाडजूड केबल टाकतात आणि अर्थला हाताशी असलेली बारीक वायर कुठल्याही स्क्रूखाली दाबतात. ती वायर प्लसइतकीच जाड, शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत, आणि रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर बोल्टनं आवळलेली हवी. जुन्या गाडीत रंगाखाली प्रायमर, त्याखाली सीलंट, त्याखाली गंज असे थर असतात. पॉलिश पेपरनं पांढरा धातू दिसेपर्यंत घासा, रिंग थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट क्रिंप करून, म्हणजे दाबून, लावा, दातेरी वॉशर घाला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात फिरवा. वरून फिरवलेला हात महत्त्वाचा आहे, तो नसेल तर उघडा पडलेला पत्रा लवकर गंजतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर.

सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका. तो आयतीच जागा वाटतो, पण अपघातात माणसाला धरून ठेवणारा तो बोल्ट आहे. त्याच्याखाली थिंबल घालून त्याची बैठक बिघडवायची नाही. शिवाय त्याच्या आट्यांवर बहुधा चिकटद्रव्य असतं, त्यामुळे जोडही धड मिळत नाही.

आता मोजणी. ओहमवर मीटर ठेवून ‘०.२ आलं, म्हणजे अर्थ चांगला’ असं म्हणणं फसवं आहे. तेवढा रोध मीटरच्या प्रोबचाच असतो, आणि केबलची एकच तार शाबूत असली तरी मीटर जवळपास तेच दाखवतो. खरी परीक्षा करंट वाहत असतानाच होते. लांब वायर घेऊन मीटरचा काळा प्रोब थेट बॅटरीच्या मायनसवर आणि लाल प्रोब अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर ठेवा. इंजिन चालू करून बास असलेलं गाणं नेहमीच्या सगळ्यात मोठ्या आवाजात लावा. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत राहिलं तर अर्थ ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर दोष सापडला. जोडात नुसता ०.०५ ओहमचा रोध असला आणि ३० अँपिअर वाहिले, तर दीड व्होल्ट तिथेच जळतो.

अ‍ॅम्पजवळचा जोड चकचकीत करूनही आकडा खाली येत नसेल तर पुढे बघा. बॅटरीचं मायनस बॉडीला जिथे बांधलेलं आहे ती पट्टी आणि इंजिनापासून बॉडीला येणारी विणलेली पट्टी, दोन्ही जुन्या गाडीत कुजलेल्या असतात. सब नसताना त्या कशाबशा निभावून नेतात. ३० अँपिअर मागणारा पाहुणा आला की उघड्या पडतात.

सिग्नल कुठून घेतलाय?

आवाज वाढवला की बास नाहीसा होतो, ही तक्रार असेल तर उत्तर इथे आहे, आणि ते ऐकून लोकांना धक्का बसतो: तुमच्या वायरिंगमध्ये काहीच चूक नसेल. कंपनीफिटेड संचातले स्पीकर लहान आणि हलके असतात. ते फाटू नयेत म्हणून बऱ्याच कंपन्यांनी स्टीरिओतच अशी सोय करून ठेवलेली असते, की आवाज जसा वाढेल तसा बास कमी होत जावा. सबला मिळणारा सिग्नल आधीच छाटलेला असतो, मग अ‍ॅम्प कितीही मोठा लावा.

हे घरी तपासता येतं. सिग्नल जिथून घेतलाय त्या स्पीकरच्या दोन वायरींवर मीटर एसी व्होल्टवर लावा. ५० हर्ट्झचा सूर वाजवून आवाजाच्या प्रत्येक पायरीला आकडा लिहून ठेवा. मग हेच २०० हर्ट्झच्या सुरानं करा. साधे मीटर एसीमध्ये साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच विश्वासाचे असतात, म्हणून त्याहून उंच सूर घेऊ नका. २०० चा आकडा चढत राहिला आणि ५० चा एका पायरीनंतर अडखळला, तर स्टीरिओच बास कापतोय. यावर उपाय म्हणजे कापलेला बास परत भरून देणारा चांगला कन्व्हर्टर किंवा प्रोसेसर, किंवा मग स्टीरिओ बदलणं. तोवर आवाज त्या पायरीच्या खालीच ठेवा आणि अ‍ॅम्पचा गेन (त्याबद्दल पुढे) त्या पातळीला जुळवा. पुष्कळ जणांचं समाधान तेवढ्यावर होतं.

दोन्ही आकडे सुरुवातीपासूनच वेगळे असतील, म्हणजे ५० हर्ट्झला जवळजवळ काहीच नसेल, तर बहुधा चुकीच्या वायरीवरून सिग्नल घेतलाय. ट्वीटरच्या (बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) वाटेत कपॅसिटर असतो आणि तो बास अडवतो. डॅशबोर्डवरच्या छोट्या स्पीकरचंही बऱ्याचदा तेच असतं. दाराच्या मोठ्या स्पीकरच्या वायरीवरून, कपॅसिटरच्या आधी सिग्नल घ्या.

आणखी एक गोष्ट, ती चुकली तर स्टीरिओ जळू शकतो. आतल्या अ‍ॅम्पच्या बहुतेक कार स्टीरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी बॉडीच्या तुलनेत ६ व्होल्टच्या आसपास तरंगत असतात. त्यातली मायनस म्हणजे अर्थ नव्हे. स्टीरिओ चालू ठेवून प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात डीसी मोजा. दोन्हीवर सहाच्या आसपास आलं तर त्यातली एकही बॉडीला किंवा अ‍ॅम्पच्या अर्थला लागू देऊ नका. फार जुन्या गाड्यांत एका वायरीवर शून्य येतं, तिथे स्पीकरचं एक टोक अर्थवर असतं. कन्व्हर्टर निवडताना हा फरक माहीत असावा लागतो.

सूर चढतोय, पण कुठून?

रेसबरोबर चढणारा सूर अल्टरनेटरचा, हे सगळे सांगतात. मी आधी विचारतो: तो डिकीतून येतोय की दारांतून? ८० हर्ट्झवर लो-पास लावलेल्या सबमधून हा बारीक सूर फारसा बाहेर पडू शकत नाही. सबमधूनच येत असेल तर क्रॉसओव्हर उघडा राहिलाय. सब बसवल्यापासून दारांतून येऊ लागला असेल, तर सिग्नल घेतला त्या जोडाकडे आणि कन्व्हर्टरच्या अर्थकडे बघा. कन्व्हर्टरचा अर्थ अ‍ॅम्पच्या अर्थच्याच बोल्टवर आणा. दोन ठिकाणचे अर्थ म्हणजे दोन वेगळे व्होल्ट, आणि त्यातला फरक आवाज होऊन ऐकू येतो.

आरसीएची वायर (कन्व्हर्टरपासून अ‍ॅम्पला सिग्नल नेणारी) अ‍ॅम्पच्या टोकाला काढून बघा. आवाज थांबला तर दोष वरच्या अंगाला, म्हणजे स्टीरिओ-कन्व्हर्टरकडे आहे, चालूच राहिला तर अ‍ॅम्पच्या प्लस-अर्थमध्ये. मुख्य प्लस केबल गाडीच्या एका बाजूनं आणि आरसीए दुसऱ्या बाजूनं न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची, अर्थच्या फरकातून येणारा सूर अडवणारी छोटी डबी सबच्या वाटेत शेवटचा उपाय म्हणूनसुद्धा मी टाळतो. तिच्यातला ट्रान्सफॉर्मर लहान असतो आणि खालच्या सुरांना आधी हार मानतो. सूर जातो, सोबत ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो बासही.

गेन आणि पोलॅरिटी

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टीरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची गाठ घालायला तो दिलेला असतो. सबची वायर काढा, अ‍ॅम्पवरचा बास बूस्ट शून्यावर आणा, स्टीरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून ५० हर्ट्झ वाजवा, आणि अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टला थांबायचं? अ‍ॅम्पचे आरएमएस (सलग देता येणारे) वॅट गुणिले सबचे ओहम, त्याचं वर्गमूळ. २०० वॅट आणि ४ ओहमला २८.३ येतं. सब कमी वॅटचा असेल तर हिशेबात सबचे वॅट घ्या. स्टीरिओच फाटका सिग्नल देत असेल तर हा आकडा उपयोगाचा नाही, म्हणून आवाज पूर्ण चढवून मोजू नका.

पोलॅरिटीसाठी, म्हणजे प्लस-मायनस उलट लागलेलं नाही ना हे बघायला, दीड व्होल्टचा सेल सबच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचं प्लस सबच्या प्लसला लागलं की कोन बाहेर यायला हवा. दोन सब असतील आणि एक आत, एक बाहेर जात असेल, तर बास हरवला तो इथेच.

दिवे मंदावतात, अ‍ॅम्प बंद पडतो

इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. आता जोरात बास लावून बॅटरीवर आणि अ‍ॅम्पवर, दोन्हीकडे मोजा. बॅटरीवर आकडा टिकतो आणि अ‍ॅम्पवर अर्ध्या व्होल्टहून जास्त पडतो, तर केबल बारीक आहे किंवा जोड सैल. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, हे केबलवर ‘४ गेज’ असं जाडीचं माप वाचताना लक्षात ठेवा. दोन्हीकडे पडत असेल तर बॅटरी दमलीय किंवा अल्टरनेटरची ताकद कमी पडतेय. ३०० वॅट आरएमएसचा जुन्या पद्धतीचा एबी क्लास अ‍ॅम्प पूर्ण जोरात ४० अँपिअरच्या घरात मागतो, डी क्लासचा त्याहून बराच कमी. जुन्या गाडीसाठी मी डी क्लासच सुचवतो. प्लस केबलवर मोठा कपॅसिटर लावून हा प्रश्न सुटलेला मला दिसला नाही. तो क्षणभराची उसनवारी करतो, परतफेड अल्टरनेटरलाच करावी लागते.

लाल दिवा

सबची वायर काढा. दिवा विझला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा सबच्या कॉइलमध्ये बिघाड आहे. ४ ओहमची चांगली कॉइल मीटरवर ३.२ ते ३.६ दाखवते. दोन कॉइलचा सब असेल तर जोडणी मोजा: ४-४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की २ होतात, आणि ब्रिज केलेले (दोन चॅनेल एकत्र जोडलेले) पुष्कळ अ‍ॅम्प ४ च्या खाली चालत नाहीत. आता आरसीएही काढा. फक्त प्लस, अर्थ आणि रिमोट लावलेले असतानाही दिवा लालच राहिला, तर अ‍ॅम्प आतून गेलाय. तो उघडू नका, दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

हात कुठे आवरायचा

मुख्य फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर मोठा फ्यूज घालू नका, बॅटरीवरून केबल सोडवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. जळका वास, गरम झालेली केबल, इंजिन चालू असताना १५ च्या वर किंवा १३ च्या खाली जाणारं व्होल्टेज, हे सगळं त्याच्याकडेच. पिवळं कनेक्टर किंवा पिवळं आवरण असलेली वायर दिसली तर ती बहुधा एअरबॅगची असते. तिला मीटरचा प्रोबसुद्धा लावायचा नाही. डिकीच्या तळाला भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा, तिथे पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या असतात. खात्री नसेल तर ड्रिल बाजूला ठेवा. कंपनीचा वेगळा अ‍ॅम्प आधीच कुठेतरी लपवलेला असेल आणि स्टीरिओपासून त्याच्याकडे फायबरची केबल जात असेल, तर या पोस्टमधली सिग्नलची मोजमापं तिथे लागू पडत नाहीत. अशी गाडी त्या संचाची माहिती असलेल्या माणसाकडेच न्या.

एवढं सगळं बरोबर निघूनही बॅटरी उतरत असेल, तर मायनस काढून मीटर १० अँपिअरच्या खाचेत एकसर, म्हणजे मायनस टर्मिनल आणि सुटलेली केबल यांच्यामध्ये, जोडा, अर्धा तास थांबा आणि आकडा बघा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, किल्लीही फिरवू नका. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर अ‍ॅम्पचा मुख्य फ्यूज काढून पुन्हा बघा. आकडा तेवढाच राहिला, तर सबचा यात काही संबंध नाही. गाडीतलं दुसरंच काहीतरी जागं आहे, आणि ते शोधायला इलेक्ट्रिशियन लागेल.